बाळाचे दुपटे कधी सोडावे?

बाळाला तेल लावून झाले, न्हाऊ घालून झाले. आजी मांडी घालून बसते. जुन्या लुगड्याचे मऊ दुपटे चटईवर पसरते. बाळाचे दोन्ही हात अंगाशी धरते. एक पदर इकडून घेते, एक तिकडून, आणि बाळाला गुंडाळते. थोड्याच वेळात बाळ गाढ झोपते. अर्नाळ्याचा कोळीवाडा असो, निर्मळची वाडी असो की पूर्वेकडचा डोंगरपाडा असो, बाळ बांधायची ही रीत जुनी आहे.

यात आजीचे काही चुकत नाही. नवे बाळ झोपेत दचकते. भांडे पडले की दोन्ही हात फेकते आणि रडत उठते. पुष्कळांना वाटते बाळ घाबरले, कुणाची दृष्ट लागली. तसे काही नसते. हे दचकणे जन्मापासूनच अंगात असते. बांधल्यावर हात उडत नाहीत, म्हणून झोप मोडत नाही. पहिले दोन महिने हे ठीक आहे. पुढे दचकणे कमी होत जाते आणि काही महिन्यांत आपोआप थांबते.

पण त्याच सुमारास बाळ दुसरे काही शिकू लागते. ते कुशीवर वळू लागते. मग एक दिवस पालथे पडते. घरात सगळ्यांना आनंद होतो, आणि व्हायलाच पाहिजे. पण हेच बाळ दुपट्यात बांधलेले असताना पालथे पडले तर? तोंड गोधडीत रुतते. आपण उपडे पडलो तर हात टेकून डोके उचलतो. बाळाचे हात तर आत बांधलेले. त्याला तोंड वळवता येत नाही. ओरडताही येत नाही. शेजारी झोपलेल्या आईला कळतही नाही, आणि बाळ गुदमरते. म्हणून बाळ वळण्याच्या आधी हात मोकळे झाले पाहिजेत. मागून नव्हे.

ही वेळ कशी ओळखायची? तुमच्याजवळ बाळाचे लशीचे कार्ड असते. आता तुम्हाला वाचता येते, तर ते काढून बघा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, अशा तारखा त्यावर असतात. अडीच महिन्यांची लस टोचून आणली की दुपटे सोडायला लागा. साडेतीन महिन्यांच्या लशीपर्यंत ते पुरते सुटलेले असावे. निर्मळच्या जत्रेच्या सुमारास जन्मलेले बाळ होळीच्या आसपास वळू लागते, असा अंदाज धरा.

पण तारखेपेक्षा बाळाकडे जास्त बघा. काही बाळे लवकर वळतात. पाय वर उचलून एका बाजूला टाकणे, खांदा वळवणे, पालथे घातल्यावर मान उचलून धरणे, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी दुपटे बांधणे बंद. “आजची रात्र बांधते, उद्यापासून सोडते,” असे म्हणू नका.

अजून वळत नसेल तर हळूहळू सोडता येते. पहिल्यांदा एक हात बाहेर ठेवा. दिवसाच्या झोपेला सुरुवात करा, म्हणजे कुणीतरी जवळ बसून बघेल. तीन-चार दिवसांनी दुसरा हात बाहेर काढा. तेव्हा दुपटे फक्त छातीभोवती, काखेच्या खाली असावे. ते सैल होऊन तोंडावर येता कामा नये. आणखी तीन-चार दिवसांनी तेही काढा आणि नुसत्या झबल्यावर निजवा.

हे दिवस त्रासाचे असतात, खोटे कशाला सांगा! बाळ रात्री दोनदा जास्त उठेल. आई दमेल. सासूबाई म्हणतील, “बांध गं त्याला, उगाच रडवतेस.” अशा वेळी बाळाच्या छातीवर हळूच तळहात ठेवा. अंगाई म्हणा, थोपटा. बहुतेक बाळे काही दिवसांत रुळतात. बाळाच्या बापानेही एखादी रात्र उठायला हरकत नाही. दिवसभर आई मासळी घेऊन बाजारात किंवा लोकलने कामाला जात असेल, तर बाळ आजीजवळ किंवा शेजारच्या मावशीजवळ असते. त्यांनाही आधी सांगून ठेवा. आईने सोडले आणि मावशीने बांधले, असे झाले तर धोका तसाच राहतो.

बाळाला नेहमी उताणेच निजवा. अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला उताणे निजवा’ अशी मोठी मोहीम निघाली. त्यानंतर काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या जवळजवळ निम्मी झाली. नुसते निजवण्याची रीत बदलून! पुढे बाळ स्वतः वळायला आणि परत उताणे व्हायला शिकले, की रात्रभर त्याला सरळ करत बसायचे कारण नाही. अंथरूण मात्र सपाट आणि घट्ट असावे. उशी नको, मोहरीचीही नको. लोड, गोधडीची गुंडाळी बाजूला लावू नका. वळणाऱ्या बाळाला झोळीत झोपवू नका. झोळीचे कापड दोन्ही बाजूंनी तोंडावर येते.

आता पायांचे. “पाय सरळ बांधले की पाय सरळ होतात” असे म्हणतात. हे खरे नाही. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेलेच असावेत. ताणून बांधले तर खुब्याचा सांधा निखळू शकतो. जपानमध्ये बाळांचे पाय असेच ताणून बांधत. तेथे १९७५ च्या सुमारास लोकांना समजावून ही रीत बदलली, आणि खुबा निखळलेली मुले फार कमी झाली. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांतही दुपटे कमरेखाली सैलच बांधा. छातीवर दोन बोटे आत जावीत, इतपत जागा ठेवा.

आपल्या वसईकडची हवा दमट. होळीनंतर घाम थांबत नाही. तरी बाळाला दुपटे, वर कुंची, त्यावर गोधडी! बाळाच्या मानेला मागून हात लावून बघा. ओली, गरम लागली तर एक कपडा कमी करा. घरात निजवताना टोपडे काढा. डास असतील तर मच्छरदाणी लावा, पण ती ताणून, अंथरुणाखाली खोवून.

जागेपणी बाळाला रोज थोडा वेळ पालथे घाला आणि समोर बसा. मान आणि हात बळकट होतात. मात्र डोळा लागला की लगेच उताणे करा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे गणित थोडे वेगळे असते. त्याच्याबद्दल आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. बाळ कधी निळे पडले, श्वास घेईना, तर १०८ नंबरला फोन करा.

सुटलेली दुपटी फेकू नका. दुहेरी करून बाळाच्या अंगाखाली पसरा आणि कडा चटईखाली नीट खोवा, म्हणजे ती तोंडाशी गोळा होणार नाहीत.