परीक्षा आणि गोंगाट

यवतमाळ जिल्ह्यातील महागावासारख्या तालुक्याच्या गावी मंडळाच्या परीक्षा आणि लग्नसराई बहुधा एकाच वेळी येतात. उकाड्यामुळे वर्गाच्या खिडक्या उघड्या असतात. आत वर्षभराच्या श्रमांचा निकाल लिहिला जात असतो आणि बाहेरून वाजतगाजत वरात जाते.

मनाला आवाजाच्या मोठेपणाइतकेच, किंबहुना अधिक, त्याचे पालटणे खुपते. पंख्याची एकसुरी घरघर थोड्याच वेळात कानाआड होते. परंतु व्हरांड्यातील दोघांची कुजबुज आठवत आलेली ओळ पुसून टाकते. बोलण्यातील स्वर क्षणोक्षणी बदलतात आणि अर्थ चित्ताला ओढून नेतो.

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांन्वये जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबेलची मर्यादा आहे. परंतु वरात काही नियम वाचून निघत नाही! म्हणून पूर्वतयारी घरीच करावी. अभ्यास शांततेत व्हावा. मात्र दोन-चार सराव-उत्तरपत्रिका बाजाराच्या दिवशी उघड्या खिडकीपाशी, घड्याळ लावून लिहाव्यात.

प्रत्यक्ष परीक्षेत लक्ष मोडल्यास आवाजाशी भांडू नये. लेखणी थांबवावी, एक दीर्घ श्वास घ्यावा, प्रश्न आणि आपले शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे व पुढे लिहावे. असे गेलेले अर्धे मिनिट भरून निघते. चिडण्यात गेलेली दहा मिनिटे भरून निघत नाहीत.