तिथीची पाऊणपट

सकाळी सहाला काका उठतात, चहाचं आधण ठेवतात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभे राहतात. आज तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे भरती मध्यरात्रीनंतर सव्वादोनला होऊन गेली, सव्वाआठ-साडेआठला पुरती ओहोटी. ‘सातला निघू गं,’ ते आत हाक देतात. तोवर काकूंची टोपी आणि पाण्याची बाटली दाराशी येऊन बसलेली असते.

हे जोडपं ग्वाल्हेरचं. शिंद्यांच्या लष्करात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातलं. काका सरकारी नोकरीतून निवृत्त, काकू शाळेतून. जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं दुपारपर्यंत उठत नाही आणि काकूंचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. म्हणून डिसेंबरात तानसेन समारोह ऐकून झाला की दोघं गोवा एक्सप्रेसमध्ये बसतात. ही गाडी ग्वाल्हेरवरून भोपाळ, मनमाड, पुणे, बेळगाव करत दूधसागराच्या धबधब्याशेजारून घाट उतरते आणि थेट मडगावला आणून सोडते. तिथून बाणावली सहा-सात किलोमीटर. मग होळीच्या आसपासपर्यंत मुक्काम इथेच, एका गोवेकर घराच्या माडीवरच्या दोन खोल्यांत.

बाणावली हे दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. सह्याद्रीवरून परशुरामाने बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि बाण पडला ती जागा बाणावली, अशी आख्यायिका. गावात आज चर्च आणि क्रूस पावलोपावली दिसतात, पण नावातला बाण कुणी काढलेला नाही. उत्तरेला कोलवा, दक्षिणेला वार्का. वेळसावपासून मोबोरपर्यंत वीसहून अधिक किलोमीटर सलग वाळू पसरली आहे, बाणावली तिच्या साधारण मध्यावर. किनाऱ्याच्या मागे भातखाचरं आणि माड, त्यामागून साळ नदी समुद्राला समांतर वाहत बेतुलला जाऊन त्याला मिळते.

चार दिवसांसाठी येणारा माणूस समुद्र ‘बघायला’ जातो, कधीही. तीन महिने राहणाऱ्याला समुद्राची वेळ सांभाळावी लागते. पहिल्या वर्षी काका ग्वाल्हेरच्या शिस्तीने रोज सकाळी सातच्या ठोक्याला निघत. काही दिवस टणक, ओल्या वाळूवरून मैलभर चालता येई. काही दिवस पाणी पार वर आलेलं, मऊ वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतत, आणि काकूंचे गुडघे रात्री हिशेब मागत. शेवटी एका म्हाताऱ्या रापणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, कोकणातला जुना आडाखा सांगितला: पंधरवड्याची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच सरकते. तिथीमागे पाऊण तास हा त्याचाच सोपा हिशेब. मिनिटामिनिटाला बरोबर येत नाही, पण चालायला जाणाऱ्याला पुरतो.

‘आमच्याकडे पंचांग उपासाला लागायचं,’ काकू सांगतात. ‘इथे फिरायला लागतं.’

ओहोटीची वाळू गाठली की दिवस मार्गी लागतो. मर्यादवेलीच्या जांभळ्या फुलांमधून उतरलं की रापण ओढणारे दिसतात. होडीने जाळं अर्धगोलात टाकून यायचं आणि दोन्ही टोकं वीस-पंचवीस माणसांनी किनाऱ्यावरून ओढायची. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी उपसू लागले तेव्हा गोव्याचे रापणकार संघटित झाले. त्या लढ्याचं नेतृत्व माथानी साल्ढाणा यांनी केलं. आता रापणी थोड्या उरल्यात. दोराला हात लावणाऱ्याला मूठभर वाटा द्यायची रीत आहे. काकांनी एकदा उत्साहाने हात लावला आणि हातात चार बांगडे पडले. घर शाकाहारी. नेऊन दिले खाली मालकिणीला. संध्याकाळी तिने दोन नारळ आणि आळसांद्यांची वाटी वर पाठवली. तेव्हापासून काका अधूनमधून दोर ओढतातच.

परतेपर्यंत पदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या मागे निळं प्लास्टिक झाकलेली टोपली, हँडलला रबरी भोंगा. उंडे, कोंडा लावलेली पोई, कांकणं. काकू दोन पोया घेतात. ‘पोळी म्हणून मागितली पहिल्या दिवशी, आणि हा पाव दिला त्याने,’ ही गोष्ट त्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. नाश्ता झाला की मराठी वर्तमानपत्र. ग्वाल्हेरला दारात मराठी पेपर पडत नाही. इथे ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’, ‘तरुण भारत’ यांतून निवड करता येते. काका छोट्या जाहिरातींपर्यंत वाचतात.

दुपारी जेवण, झोप. चार-पाचला काकू आठवड्यातून एकदा सेंट जॉन द बाप्टिस्टच्या चर्चपर्यंत जातात. इथे बाप्तिस्मा झालेले जुझे वाझ १६५१ साली याच गावात जन्मले. डचांनी कॅथलिकांवर बंदी घातलेल्या श्रीलंकेत ते मजुराच्या वेशात शिरले आणि १७११मध्ये कँडीत वारले. २०१५ साली कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिलं. १६ जानेवारी हा त्यांचा दिवस. मालकीण त्या दिवशी गोडाचं ताट वर पाठवते. काकूंचा तिळगूळ दोन दिवस आधीच खाली गेलेला असतो.

काकांचं आवडतं ठिकाण गावातलं ‘गोवा चित्र’. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी मोडीत निघालेले नांगर, घाणे, मापं, भांडी अशा हजारो वस्तू जमवून हे संग्रहालय उभं केलं. काका तिथून तासभर निघत नाहीत. ‘आमच्या आजोबांकडे असाच होता,’ हे वाक्य प्रत्येक दालनात एकदा येतं.

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये ब्रिटनहून आलेले निवृत्त लोकही दिसतात. तेही तिकडचा हिवाळा चुकवून, वर्षानुवर्षं त्याच शॅकमध्ये, त्याच खुर्चीत. त्यांतल्या एक आजी काकांना रोज खुणेने विचारतात, पाणी कधी? काका बोटं दाखवतात.

आणि ज्या दिवशी पाणी जमत नाही? अष्टमीला सहाला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. ओहोटी ऐन उन्हात बारा वाजता. तो दिवस मडगावचा. मारिया हॉलच्या नाक्यावर बस मिळते. न्यू मार्केटात कोकमाची सोलं, केळी, मिरच्या; मग भाजी-पाव; मग लोहिया मैदान, जिथे १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी पोर्तुगीज बंदी मोडून सभा घेतली होती. काका फलक वाचतात, काकू बाकावर पाय पसरून बसतात.

बाणावलीला जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. नाताळ ते नववर्ष खोल्या महाग आणि किनारा गजबजलेला, तो आठवडा टाळावा. द्वितीया-तृतीयेला सकाळी चालावं, एकादशी-द्वादशीला दुपार कलल्यावर. सप्तमी ते नवमी मडगाव बघावं. निघताना पिशवीत टोपी, टॉर्च आणि एक कालनिर्णय टाका. ‘एकादशीला साबुदाणा मात्र घरून न्या,’ काकू आठवण करतात. ‘तिथे पोईवर उपास सुटतो.’