पदर बालगंधर्वांसारखा

फॅशन मासिकं नव्हती, तेव्हा पुण्या-मुंबईच्या बायका नऊवारी चापूनचोपून नेसणं, पदराची ठेवण, अंबाडा आणि त्यावरचा गजरा शिकल्या एका पुरुषाकडून! तो पुरुष म्हणजे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक-नट नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७). १९११च्या ‘मानापमान’ नाटकातली त्यांची नायिका भामिनी पाहून घरोघरी आरशासमोर तालमी झाल्या असतील. ८ जुलै १९२१ रोजी गायक-नट केशवराव भोसल्यांसोबत त्यांनी ‘संयुक्त मानापमान’ केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. लोकप्रियतेचा पैसा राष्ट्रकार्याकडे वळला, तोही आजच्या ‘चॅरिटी शो’च्या कितीतरी आधी. मात्र १९३५च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते पुरुषवेषात, संत एकनाथ म्हणून आले, तेव्हा प्रेक्षक फारसे रमले नाहीत. त्यांना हवी होती शालू नेसलेली भामिनीच.