धानाच्या पानापासून जेलवरच्या पट्टीपर्यंत

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरमधून थोडं बाहेर पडलं की धानाच्या बांध्या लागतात. रोवणी आटोपते, धान पोटरीवर येतं आणि एखाद्या वर्षी पानाच्या कडा टोकाकडून पिवळ्या पडत वाळू लागतात. हा कडा करपा, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा रोग. शेतकऱ्याला तो दिसतो तेव्हा तो पानात शिरून बसलेला असतो. जैवतंत्रज्ञान शिकलेली मुलगी मात्र पऱ्ह्यातल्या रोपाचा नखाएवढा तुकडा घेऊन सांगू शकते की या रोपात रोगाशी लढणारं जनुक आहे की नाही. हे तिला कसं जमतं ते एकदा नीट पाहिलं, तर या शिक्षणात नेमकं काय शिकवतात तेही कळतं.

वाट तशी सरळ आहे. बारावी विज्ञान, मग बीएस्सी, मग दोन वर्षांची एमएस्सी. गोंदियाच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयासारखी महाविद्यालयं १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. बाहेरच्या नामांकित विद्यापीठांत एमएस्सी करायची असेल, तर गॅट-बी किंवा आयआयटीची जॅम परीक्षा देता येते. इथवर सगळं माहितीपत्रकात सापडतं. खरं शिक्षण प्रयोगशाळेच्या ओट्यावर होतं.

पानाचा तुकडा थंड खलात बारीक वाटायचा. त्यात सीटॅब नावाचं द्रावण घालून नळी ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवायची. सीटॅब साबणासारखं काम करतं, पेशींची आवरणं विरघळवतं. मग क्लोरोफॉर्म मिसळून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की थर वेगळे होतात. प्रथिनं मध्ये अडकतात, डीएनए वरच्या पाण्यात राहतो. तो थर मधल्या पांढऱ्या थराला धक्का न लावता उचलायचा असतो आणि नवख्याचा हात इथेच थरथरतो. त्यात थंड आयसोप्रोपेनॉल घातलं की कापसाच्या तंतूंसारखा डीएनए दिसू लागतो. पहिल्यांदा तो पाहणारी बहुतेक मुलं नळी उजेडाकडे धरून पाहत राहतात.

पुढची पायरी पीसीआर. २०२० साली करोनाच्या साथीत हा शब्द गावोगाव पोचला, पण आत काय घडतं ते फारसं कुणी सांगितलं नाही. धानाच्या जनुकसंचात डीएनएची सुमारे ३९ कोटी अक्षरं आहेत. आपल्याला हवा आहे त्यातला हजारभर अक्षरांचा एक तुकडा. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना जुळणारे छोटे धागे, म्हणजे प्रायमर, नळीत टाकतात. यंत्र नळी ९४ अंशांवर नेतं, डीएनएचे दोन पदर सुटतात. ५५ अंशांच्या आसपास प्रायमर आपापल्या जागी चिकटतात. ७२ अंशांवर टॅक नावाचं विकर नवा पदर विणतं. हे विकर मुळात गरम झऱ्यात राहणाऱ्या जिवाणूचं, म्हणून इतक्या तापमानातही टिकतं. दर फेरीला तुकडे दुप्पट होतात. ३० फेऱ्या बिनचूक झाल्या, तर एकाचे १०७ कोटींच्या वर होतील. आणि हे सगळं २५ मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे पाण्याच्या साधारण अर्ध्या थेंबात.

शेवटी जेल. समुद्री शेवाळापासून काढलेला अ‍ॅगारोज उकळून त्याची जेलीसारखी वडी थापतात, तिच्या खाचांत निळ्या रंगात मिसळलेला नमुना भरतात आणि वीज सोडतात. डीएनएवर ऋण भार असल्यामुळे तो धन टोकाकडे सरकतो. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. आफ्रिकेतल्या जंगली भातातून आलेलं, कडा करप्याशी लढणारं एक्सए-२१ हे जनुक असेल, तर त्याच्या ठरलेल्या खुणेची पट्टी सुमारे १००० अक्षरांवर दिसते. नसेल, तर त्याहून लहान तुकड्याची पट्टी पुढे दिसते. दोन्ही पट्ट्या दिसल्या, तर रोप संकरित आहे.

याच पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्यांची रोपं चाळत हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा मसुरी या लोकप्रिय वाणात कडा करप्याला रोखणारी तीन जनुकं संकरातून आणली. सुधारित वाण २००८ मध्ये प्रसारित झाला. अशा कामात हजारो पानं वाटावी लागतात, आणि ती वाटणारे हात विद्यापीठातूनच आलेले असतात.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. प्रत्येक खेपेला एका नळीत डीएनएऐवजी नुसतं शुद्ध पाणी घालतात. त्या नळीतही पट्टी आली, तर कुठेतरी भेसळ झाली आहे आणि सगळा दिवस पुन्हा करायचा. तसं वहीत प्रामाणिकपणे लिहिणारा विद्यार्थी मला सुंदर जेलचा फोटो चिकटवणाऱ्यापेक्षा अधिक तयार वाटतो. लस किंवा औषध बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता नियंत्रणाच्या टेबलावर हीच सवय लागते. तिथे जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. चूक खोडरबराने पुसायची नाही, तिच्यावर एक रेघ मारून सही आणि तारीख घालायची. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पदवीनंतर सहा महिने कंपनीत शिकण्याची योजना आखली, कारण ही शिस्त वर्गात पूर्ण मुरत नाही.

म्हणून प्रवेश घेताना पालकांनी इमारतीपेक्षा थेंबाचाही अंश मोजणारे मायक्रोपिपेट पाहावेत. एका पिपेटमागे किती मुलं, पीसीआर यंत्र मुलं स्वतः लावतात की लांबून बघतात, एमएस्सीचा प्रकल्प कुठे होतो, हे विचारायला संकोच नको.

प्रकल्पासाठी विषय लांब शोधायला नको. बासमतीचा सुवास एका जनुकातली आठ अक्षरं गळाल्यामुळे येतो. चार प्रायमरच्या एका पीसीआरमध्ये ते कळतं: गळती असेल तर २५७ अक्षरांची पट्टी, नसेल तर ३५५ ची. आपल्याकडच्या चिन्नोर या सुवासिक धानाचं रोप घ्यावं, पान खलात वाटावं आणि त्याच्या सुवासामागे तीच आठ अक्षरं आहेत की आणखी काही, ते जेलवर पाहावं.