कांडी, विडी आणि चूल

नागपूरच्या महालांत ऑगस्ट १९४२ ची आठवण निघाली म्हणजे मिरवणुका, गोळीबार, संचारबंदी आणि १९४३ सालीं नागपूरच्या कारागृहांत फांशी गेलेला तरुण शंकर महाले, या गोष्टी प्रथम सांगितल्या जातात. तें योग्यच आहे. परंतु ज्या घरांतील कर्ता पुरुष त्या धामधुमींत तुरुंगांत गेला, त्या घरीं दुसऱ्या दिवशीं चूल कशी पेटली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचें उत्तर घरच्या स्त्रीच्या कष्टांत आहे. मात्र त्या कष्टांचा मोबदला कोणाच्या हातीं पडे, यावर सारें अवलंबून होतें.

महाल व इतवारी यांच्या आसपासच्या कोष्टी कुटुंबांत लुगडें विणलें जाई तें पुरुषाच्या नांवावर. सूत उकलणें, त्यास खळ देणें, कांड्या भरणें हीं कामें बायकामुलांचीं. माग चालता ठेवावयाचा तर कांडी भरणारा हातहि अखंड हलता असावा लागे. तरीहि मजुरी मिळे ती विणलेल्या लुगड्याची. कांडीची निराळी मोजणी नसे. म्हणून पुरुषाचा माग थांबला कीं स्त्रीचेंहि काम थांबे. तिच्या बोटांतील कसब जसेंच्या तसें राही, पण त्यास बाजारांत भाव नसे.

विडी वळणारीची गोष्ट वेगळी होती. ठेकेदाराकडून पान, तंबाखू व दोरा आणावा, घरीं बसून विड्या वळाव्या आणि हजारीं दरानें पैसे घ्यावे. दर तुटपुंजा, त्यांतून वाईट ठरविलेल्या विड्यांची छाट. परंतु जो पैसा मिळे तो तिच्या स्वतःच्या कामाचा असे. पुरुष घरीं असो वा कैदेंत असो, ती मिळकत त्याच्यावर अवलंबून नव्हती.

तिसरी वाट गिरणीची. महालालगतच्या जुम्मा तलावाजवळ जमशेटजी टाटा यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्यें सूत गुंडाळण्याच्या कामावर स्त्रिया असत. कोष्ट्याच्या घरीं ज्या कामास केवळ 'हातभार' म्हणत, जवळजवळ तेंच काम येथें पगारपत्रकावर चढलें होतें. तथापि बाळंतपण, दुखापत किंवा म्हातारपण आलें कीं तीहि मिळकत आटे. बाळंतपणापुरता कांहीं आधार मध्यप्रांताच्या १९३० च्या कायद्यानें दिला. बाकीचीं संकटें तशींच राहिलीं.

'भारत छोडो'चा ठराव मुंबईस ८ ऑगस्ट १९४२ रोजीं झाला. त्याच्या अवघे एकोणीस दिवस आधीं, २० जुलै रोजीं, नागपुरांत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय दलितवर्ग महिला परिषद भरली होती. तेथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें भाषण झालें, तें पुष्कळांस ठाऊक आहे. परिषदेच्या ठरावांकडे मात्र तितकें लक्ष गेलें नाहीं. गिरणींत, विडीकामांत, नगरपालिकेंत व रेल्वेंत राबणाऱ्या स्त्रियांस वर्षाकाठीं २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, दुखापतीबद्दल भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावें, अशी ती मागणी होती.

या मागणीचें मर्म जगाच्या इतिहासाशीं ताडून पाहिलें म्हणजे अधिक उमगतें. ५ ऑक्टोबर १७८९ रोजीं पॅरिसच्या बाजारांतील स्त्रिया पावासाठीं व्हर्सायपर्यंत चालत गेल्या. ८ मार्च १९१७ रोजीं पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतील कामकरणींनीं संप पुकारला, तेव्हांहि शहरांत भाकरीची टंचाई होती. दोन्ही ठिकाणीं चूल विझल्यावर स्त्रिया रस्त्यावर आल्या. नागपूरच्या परिषदेनें मागितलें तें असें, कीं चूल विझण्याची वेळच येऊं नये. संकट कोणतेंहि असो, स्त्रीच्या श्रमाचा मोबदला तिच्या नांवें असावा.

पुढें १९६१ सालीं प्रसूतिलाभाचा कायदा देशभरासाठीं झाला आणि १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यानें घरीं बसून विड्या वळणारीसहि कामगार म्हणून ओळखलें. एम्प्रेस मिल बंद होऊनहि आतां बरींच वर्षें लोटलीं. कांडी भरणारी स्त्री मात्र या दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहिली. कारण तिचा मालक कोण, असें विचारल्यास तिचाच नवरा पुढें येई. चळवळींत तुरुंगांत गेलेल्यांच्या याद्या झाल्या, तशी माग थांबल्यावर घर चालविणारीची यादी कोणीं केली नाहीं. ज्या श्रमाचा हिशेब शांततेच्या काळीं ठेवला गेला नाहीं, तो धामधुमीच्या काळीं कोणाकडून मागावा?