येस की नो? इंग्रजीतला साधा प्रश्न आणि त्याचं उत्तर

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणारा हा म्हातारा आता पाचवीचं इंग्रजी व्याकरण काय घेऊन बसला? तुमचं म्हणणं खोटं नाही, विषय पाचवीचाच आहे. पण मला तो कळला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि तोही हॉस्पिटलच्या पलंगावर. ती हकीकत आधी सांगतो.

मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिथे घसरून पडलो, मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. रात्री बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही, अशी ताकीद होती आणि मी ती तंतोतंत पाळली. सकाळी नर्सबाई कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘सो यू हॅवन्ट ईटन एनीथिंग सिन्स मिडनाइट?’ मी नम्रपणे म्हणालो, ‘येस.’ त्यांचं पेन थांबलं. ‘यू हॅव?’ मी म्हटलं, ‘येस, येस, नथिंग!’ आता त्या पुरत्या गोंधळल्या. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं, आणि हा माणूस एका दमात दोन्ही सांगतोय. शेवटी त्यांनी प्रश्नच सरळ केला, ‘हॅव यू ईटन एनीथिंग?’ मी म्हटलं, ‘नो.’ तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

माझी चूक काय झाली, हे समजून घ्यायचं तर प्रश्न कसा तयार होतो इथपासून सुरुवात करावी लागेल.

मराठीत आपलं काम फार सोपं आहे. ‘तू येणार’ हे विधान. शेवटी ‘का’ लावला की झाला प्रश्न: ‘तू येणार का?’ कधी तोही लागत नाही, नुसता आवाज चढवला तरी पुरतं. वाक्यातले शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत मात्र प्रश्न करायचा म्हणजे शब्दांची हलवाहलव करावी लागते. त्याच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा: वाक्यात ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ यांपैकी काही असेल, तर ते उचलून कर्त्याच्या आधी ठेवायचं. ‘ही इज अ टीचर’ याचं होतं ‘इज ही अ टीचर?’

दुसरी: मुख्य क्रियापदाबरोबर ‘कॅन, विल, शुड, हॅव’ असं सहायक क्रियापद असेल, तर ते पुढे न्यायचं. ‘यू कॅन स्विम’, ‘कॅन यू स्विम?’

तिसऱ्या तऱ्हेत आपण अडखळतो. ‘यू लाइक टी’ या वाक्यात पुढे नेण्यासारखं काहीच दिसत नाही. अशा वेळी इंग्रजी बाहेरून एक मदतनीस बोलावते, त्याचं नाव ‘डू’. ‘डू यू लाइक टी?’ हा मदतनीस आला की क्रियापदाच्या अंगावरचं ओझं स्वतःकडे घेतो. ‘शी लिव्ज इन नागपूर’ याचा प्रश्न करताना ‘लिव्ज’मधला शेवटचा ‘एस’ निघून ‘डू’ला चिकटतो: ‘डज शी लिव्ह इन नागपूर?’ भूतकाळही तोच उचलतो: ‘यू वेंट’ याचं ‘डिड यू गो?’ म्हणून ‘डिड यू वेंट?’ चूक. भूतकाळ एकदा ‘डिड’मध्ये आला, तो परत कशाला सांगायचा?

हा ‘डू’ इंग्रजीत पहिल्यापासून असा सक्तीचा नव्हता. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही पद्धती सापडतात, मुख्य क्रियापदच पुढे नेणारी आणि ‘डू’ वापरणारी. पुढे ‘डू’ रुळला आणि त्याचा नियम झाला.

आता उत्तर. ‘येणार का?’ असं विचारलं की आपण पुष्कळदा नुसतं ‘येणार’ म्हणतो, म्हणजे क्रियापदच परत उच्चारतो. इंग्रजीत परत उच्चारायचा तो मदतनीस. ‘डू यू लाइक टी?’, ‘येस, आय डू.’ ‘कॅन शी ड्राइव्ह?’, ‘नो, शी कान्ट.’ प्रश्नाच्या सुरुवातीला जे आलं, तेच उत्तराच्या शेवटी येतं. एक बारकावा लक्षात ठेवा. होकारात हे शेवटचं रूप आखडत नाही. ‘येस, आय ॲम’ असं पूर्ण म्हणायचं, ‘येस, आयम’ असं अर्धवट सोडायचं नाही. नकारात मात्र ‘नो, आयम नॉट’ चालतं.

इथवर शाळेत शिकवतात. माझी फजिती झाली ती याच्या पुढे, नकारार्थी प्रश्नात.

घरी कोणी विचारलं, ‘तू जेवला नाहीस?’ आणि तुम्ही खरंच जेवला नसाल, तर काय म्हणाल? ‘हो, नाही जेवलो.’ आणि जेवला असाल तर? ‘नाही, जेवलो की!’ इथे आपला ‘हो’ जेवणाबद्दल नसतोच. तो विचारणाऱ्याबद्दल असतो: तुमचा अंदाज बरोबर आहे. ‘नाही’ म्हणजे तुमचा अंदाज चुकला. जपानी माणसाचा ‘हाई’सुद्धा असाच चालतो.

इंग्रजीचा ‘येस’ विचारणाऱ्याच्या अंदाजाकडे बघत नाही, घडलेल्या गोष्टीकडे बघतो. खाल्लं असेल तर ‘येस, आय हॅव’. नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’. प्रश्न ‘हॅव यू’ असो की ‘हॅवन्ट यू’, उत्तर तेच राहतं. मी मात्र मराठी ‘हो’ला इंग्रजी कपडे घालून पाठवला होता.

आता माझ्या विषयाकडे थोडं वळतो. फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञानं १९१८ साली एका निबंधात म्हटलं की, हो-नाही स्वरूपाचा प्रश्न आणि त्याच्याशी जुळणारं विधान यांच्यातला विचार एकच असतो. विधानात तो विचार खरा म्हणून मांडलेला असतो. प्रश्नात तो खरा की खोटा, ते सांगा अशी विनंती असते. या चष्म्यातून पाहिलं तर आपल्या दोन भाषांमधला फरक स्वच्छ दिसतो. ‘तू जेवला नाहीस?’ यात मराठी माणूस ‘मी जेवलो नाही’ हा अख्खा विचार, त्यातल्या नकारासकट, समोर ठेवतो आणि तो खरा आहे का ते सांगतो. इंग्रज माणूस नकार बाजूला ठेवून ‘मी जेवलो’ हे खरं की खोटं, ते सांगतो.

खुद्द इंग्रजीतही हे नेहमी असं नव्हतं. जुन्या इंग्रजीत या कामाला चार शब्द होते. साध्या प्रश्नाला ‘ये’ किंवा ‘ने’, आणि नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ किंवा ‘नो’. सर थॉमस मोर यांनी १५३२ साली बायबलचे भाषांतरकार विल्यम टिंडेल यांच्यावर टीका केली, तीत हीही तक्रार होती की या गृहस्थांना ‘ने’ कुठे आणि ‘नो’ कुठे, तेही कळत नाही. पुढे ‘ये’ आणि ‘ने’ मागे पडले, दोनच शब्द उरले. म्हणजे गंमत पाहा, विचारणाऱ्याचा ‘नॉट’ खोडून काढणं हे ‘येस’चं जुनं खास काम होतं. माझ्या ‘येस’नं नर्सबाईंचा ‘हॅवन्ट’ खोडला, यात नवल नाही. या कामाला फ्रेंचमध्ये ‘सी’ आणि जर्मनमध्ये ‘डॉख’ असा वेगळा शब्द आजही आहे. आपल्याकडे ते काम ‘जेवलो की!’ मधला ‘की’ करतो.

एक चिठ्ठी आली आहे. विचारतात, ‘सर, यातली जास्त तर्कशुद्ध पद्धत कोणती?’ दोन्ही तर्कशुद्ध आहेत. आपण कुठल्या विधानाला ‘हो’ म्हणतोय, एवढं ठरलेलं असलं की झालं. अडचण येते ती एका भाषेचा नियम दुसरीत नेल्यावर. शिवाय मराठीही नेहमी एकाच वाटेनं जात नाही. ‘थोडं बसणार नाही का?’ असा आग्रह झाला तर आपण ‘हो, बसतो की’ म्हणतोच!

मग करायचं काय? इंग्रजीत नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणून थांबू नका. ‘येस, आय हॅव’, ‘नो, आय हॅवन्ट’ असं पूर्ण म्हणा. पहिला शब्द चुकला तरी पुढचे दोन शब्द सांभाळून घेतात, निदान समोरचा परत विचारतो. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ असं कोणी विचारलं, तर बसू द्यायचं असल्यास उत्तर ‘नो’. कारण प्रश्न ‘हरकत आहे का’ असा आहे. आणि विचारायची पाळी तुमच्यावर आली, समोरचा माणूस म्हातारा, आजारी किंवा परभाषेतला असेल, तर प्रश्न नकारार्थी करूच नका.

हे मी इतकं कळकळीनं का सांगतोय? माझ्या चुकीत गेली फक्त पाच मिनिटं. पण माझ्या पत्नीला पेनिसिलिन चालत नाही. उद्या तिला कोणी विचारलं, ‘यू आर नॉट ॲलर्जिक टु पेनिसिलिन?’ तर तिच्या तोंडून मराठी रीतीनं पहिला शब्द निघेल ‘नो’. म्हणजे ‘नाही हो, मला आहे ॲलर्जी!’ ऐकणारा लिहून घेईल, ॲलर्जी नाही. घरी परतल्यावर मी तिच्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं: ‘आय ॲम ॲलर्जिक टु पेनिसिलिन.’ प्रश्न कसाही येवो, आधी हे वाक्य म्हणायचं. तुमच्यापैकी ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि जे अधूनमधून तिकडे जातात, त्यांनी आज घरी गेल्यावर आपापलं असं वाक्य तयार करावं.

पुढच्या व्याख्यानात ‘व्हॉट’ आणि ‘व्हाय’चे प्रश्न घेऊ.