फ्रेंच भाषेतील उपपदे : मराठी भाषक विद्यार्थ्याच्या दृष्टिकोनातून

प्रस्तावना :
ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा मराठीच्या जडणघडणीवरील ग्रंथ १९२० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. ‘ला फॉर्मासिओं द ला लाँग मारात’ हे त्याचे मूळ नाव. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा अनुवाद १९४१ मध्ये ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने निघाला. मूळ नावात ‘ला’ हा शब्द दोनदा आला आहे. मराठी नावात त्याच्या जागी काहीच नाही, आणि तरीही अर्थात काही उणे राहिलेले नाही. हा ‘ला’ म्हणजे फ्रेंचमधील निश्चित उपपद होय. आपल्याकडे फ्रेंच बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकविली जाते. उपपदांच्या बाबतीत हा आधार अनेकदा दिशाभूल करणारा ठरतो आणि मराठीचाच आधार अधिक उपयोगी पडतो, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

उपपदाची उत्पत्ती व गरज :
संस्कृतप्रमाणे लॅटिनमध्येही उपपद नव्हते. लॅटिनमधील ‘तो, ती’ अशा अर्थाच्या दर्शक सर्वनामापासून फ्रेंचची ‘ल’ (पुल्लिंगी), ‘ला’ (स्त्रीलिंगी) व ‘ले’ (अनेकवचनी) ही निश्चित उपपदे निर्माण झाली. ‘एक’ या संख्यावाचकापासून ‘अँ’ व ‘य्यून’ ही अनिश्चित उपपदे आली. मराठीतही ‘एक राजा होता’ या वाक्यातील ‘एक’ मोजणीचा नाही. तथापि मराठीत तो ऐच्छिक राहिला, तर फ्रेंचमध्ये उपपद जवळजवळ अनिवार्य झाले.

असे का झाले, याचे एक कारण उच्चारात सापडते. मराठीत ‘घोडा’चे ‘घोडे’ होते, परंतु ‘दगड’ एक असो वा दहा, ‘दगड’च राहतो. फ्रेंचमधील बहुतेक नामे ‘दगड’ या वर्गातील आहेत. अनेकवचनाचा अंत्य ‘स’ लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. ‘ल लिव्र’ म्हणजे पुस्तक आणि ‘ले लिव्र’ म्हणजे पुस्तके. येथे कानाला वचन कळते ते केवळ उपपदावरून. लिंगाचेही बव्हंशी तसेच आहे. आपले नपुंसकलिंगी ‘पुस्तक’ तेथे पुल्लिंगी होते, तर नपुंसकलिंगी ‘टेबल’ स्त्रीलिंगी. म्हणून नाम उपपदासहच पाठ करावे, हा जुना उपदेश आजही योग्य आहे.

निश्चित व अनिश्चित :
मराठीत उपपद नाही, म्हणून निश्चितीची जाणीवही नाही, असे समजणे चूक ठरेल. ‘मी गवंडी शोधतो आहे’ आणि ‘मी गवंड्याला शोधतो आहे’ या वाक्यांतील भेद कोणत्याही मराठी भाषकास सहज कळतो. पहिल्यात कोणताही गवंडी चालेल, दुसऱ्यात तो ठरलेला आहे. फ्रेंचमध्ये हाच भेद ‘झ शेर्श अँ मासों’ आणि ‘झ शेर्श ल मासों’ असा होतो. (आपला ‘ला’ प्रत्यय आणि फ्रेंचचा ‘ला’ यांतील साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, वर्गात मात्र त्यावरून हशा पिकतो.) निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मराठी हा प्रत्यय सहसा वापरत नाही. ‘चादर आणली का?’ या प्रश्नातील चादर कालच पसंत केलेली की कोणतीही, हे संदर्भावरून ठरते. फ्रेंच भाषक हा निर्णय संदर्भावर सोडू शकत नाही. त्याला ‘ला’ किंवा ‘य्यून’ यांपैकी एक निवडावेच लागते.

अंशवाचक उपपद :
विद्यार्थ्यांची सर्वाधिक अडचण येथे होते. जे मोजता येत नाही त्याच्या अनिश्चित अंशासाठी फ्रेंचमध्ये ‘द्यू’, ‘द ला’ आणि स्वरापूर्वी ‘द ल’ ही स्वतंत्र उपपदे आहेत. ‘तो दूध पितो’ या वाक्यात थोडेबहुत दूध अभिप्रेत असेल तर ‘द्यू ले’ म्हणावे लागते. समोर ठेवलेले, ठरलेले दूध असेल तर ‘ल ले’. मराठी हा भेद कित्येकदा क्रियापदावर सोपविते: ‘दूध पी’ आणि ‘दूध पिऊन टाक’. दुसऱ्या वाक्यातील दूध बहुधा निश्चितच असते. नकारात अंशवाचक उपपदाचे केवळ ‘द’ उरते. ‘बोकू’ म्हणजे ‘पुष्कळ’ यासारख्या परिमाणवाचक शब्दानंतरही नाम सामान्यतः ‘द’नेच जोडले जाते.

आवडीनिवडी सांगताना मात्र अंश चालत नाही, कारण आवड त्या संपूर्ण जातीची असते. ‘मला चहा आवडतो’ हे ‘झेम ल ते’ असे होते. इंग्रजीत या ठिकाणी उपपद नसते. त्यामुळे इंग्रजीवरून भाषांतर करणारा विद्यार्थी ‘ल’ गाळतो आणि गुण गमावतो. ‘ल’ आणि ‘द्यू’ यांतील निवडीसाठी इंग्रजी वाक्य समोर ठेवण्यापेक्षा ‘थोडा चहा की चहा ही वस्तूच?’ असा प्रश्न मराठीतून विचारणे अधिक फलदायी ठरते, असा प्रस्तुत लेखकाचा अध्यापनातील अनुभव आहे.

व्यवसाय सांगण्याची रीत या संदर्भात विशेष बोलकी आहे. ‘तो प्राध्यापक आहे’ यात मराठी उपपद वापरत नाही. फ्रेंचही ‘इल ए प्रोफेसर’ असेच म्हणते. इंग्रजीत मात्र तेथे अनिश्चित उपपद लागते. आमच्या उत्तरपत्रिकांतून या जागी ‘अँ’ वारंवार आढळतो. हा दोष मराठीतून आलेला नाही.